लॅमिंग्टन रोडवरचा वापरलेला कॅटॅलिस्ट २९६०-एक्स : छोट्या संस्थेच्या नेटवर्कसाठी घ्यावा का?

परळमधल्या एका सार्वजनिक न्यासाचे वाचनालय आणि त्याला जोडलेली अभ्यासिका यांच्यासाठी आम्ही लॅमिंग्टन रोडवरून सिस्को कॅटॅलिस्ट २९६०-एक्स मालिकेतला एक वापरलेला स्विच (केबलने जोडलेल्या उपकरणांची एकमेकांशी गाठ घालून देणारी पेटी) घेतला आणि अख्खा पावसाळा तो चालवून पाहिला. साध्या स्विचवर आता भागत नाही आणि मोठ्या कंपनीचा नवा मॅनेज्ड (आदेश देऊन हवा तसा चालवता येणारा) स्विच अंदाजपत्रकात बसत नाही, अशा अडचणीत असलेल्या पतपेढ्या, शाळा, दवाखाने आणि गृहनिर्माण संस्था मुंबईत जागोजागी आहेत, आणि हा अभिप्राय त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. बिघाड शोधण्याच्या कामात हा स्विच इतकी स्पष्ट माहिती देतो की त्याचे वय मला फारसे खटकत नाही. मात्र मागच्या मालकाचा त्याच्या पोटात राहिलेला सगळा कारभार साफ केल्याशिवाय तो चालू नेटवर्कला जोडणे धोक्याचे आहे, आणि कंपनीने त्याच्या सेवेची अखेरची तारीख जाहीर केलेली आहे हे समजून उमजूनच तो विकत घेतला पाहिजे.

आम्ही घेतलेले मॉडेल डब्ल्यूएस-सी२९६०एक्स-२४पीएस-एल हे आहे. त्यात २४ गिगाबिट पोर्ट असून ते सर्व पीओई प्लस आहेत, म्हणजे त्याच केबलमधून उपकरणाला वीजही मिळते, आणि फायबरसाठी ४ एसएफपी पोर्ट वेगळे आहेत. पीओईसाठी एकूण ३७० वॉट उपलब्ध आहेत. हिशोब केला तर चोवीसही पोर्टांना प्रत्येकी १५.४ वॉट किंवा बारा पोर्टांना प्रत्येकी ३० वॉट देता येतात. ही मालिका २०१३ साली बाजारात आली, आणि मॉडेलच्या नावातल्या शेवटच्या अक्षरांकडे दुकानातच बारकाईने पाहावे, कारण शेवटी एकच ‘एल’ असेल तर त्यात लॅन बेस हे सॉफ्टवेअर असते आणि ‘एलएल’ असेल तर सुविधा कमी असलेले लॅन लाइट असते. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात, आणि विक्रेत्याच्या यादीत हा फरक नेहमी नोंदवलेला असतोच असे नाही.

लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी इलेक्ट्रॉनिक्सच्या खरेदीला निघालेला माणूस ग्रँट रोड स्थानकावर उतरून लॅमिंग्टन रोडच विचारतो. रस्त्यावरच्या दर्शनी दुकानांत नवा माल असतो. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले रॅक, सर्व्हर आणि स्विच बहुधा आतल्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवरील गाळ्यांत मिळतात. ज्या विक्रेत्याकडून आम्ही स्विच घेतला त्याचे वागणे चोख होते. त्याने कन्सोल केबल (संगणकावरून स्विचला थेट आदेश देण्याची केबल) लावून स्विच आमच्यासमोर सुरू केला, हवे ते आदेश आम्हाला टाकू दिले आणि जीएसटीच्या पक्क्या बिलावर सिरियल नंबर लिहून दिला. “मशीन चालू स्थितीत देतोय साहेब, टेस्टिंगची वॉरंटी माझी, सॉफ्टवेअरचं मात्र तुम्ही पाहा,” असे त्याने सरळ सांगितले, आणि वापरलेल्या मालाच्या व्यवहारात एवढी स्पष्टता मिळाली की बाकीचे निर्णय सोपे होतात. सिरियल नंबर लिहून द्यायला किंवा स्विच सुरू करून दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे कितीही कमी भाव असला तरी थांबू नये असे माझे मत आहे.

या आग्रहामागे ठोस कारण आहे. याच २९६०-एक्स मालिकेच्या बनावट स्विचांवर एफ-सिक्युअर या सुरक्षा संस्थेने जुलै २०२० मध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला होता. एका कंपनीत सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर काही स्विच बंद पडले आणि त्यांच्या तपासात ते नकली असल्याचे निघाले. त्यांपैकी एका नमुन्यात, सॉफ्टवेअर अस्सल आहे की नाही हे स्विच सुरू होताना तपासणारी यंत्रणाच चुकवण्याची सोय केलेली होती. तपासकर्त्यांना त्यांत हेरगिरीसाठी ठेवलेला चोरदरवाजा सापडला नाही, हे खरे. तरीही खरेदीदाराने यातून घ्यायचा धडा अगदी व्यवहारी आहे. बनावट स्विच एरवी नीट चालतो आणि सॉफ्टवेअर बदलताना उघडा पडतो. म्हणून बाहेरच्या पट्टीवरचा सिरियल नंबर आणि ‘शो इन्व्हेंटरी’ या आदेशाने दिसणारा नंबर एकच आहेत ना, हे पाहावे. आणि टेस्टिंगच्या वॉरंटीची मुदत असतानाच सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलून स्विच पुन्हा सुरू करून पाहावा. हे काम पुढे ढकलण्यात काहीच फायदा नाही.

आता साफसफाईकडे वळतो. वापरलेला स्विच आणल्यावर बहुतेक जण ‘राइट इरेझ’ हा आदेश देतात, स्विच पुन्हा सुरू करतात आणि तो कोरा झाला असे समजतात. तो तसा होत नाही. या मालिकेत व्हीलॅनची (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या नेटवर्क-गटांची) यादी मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये न राहता फ्लॅश स्मृतीतल्या व्हीलॅन डॉट डॅट या वेगळ्या फाइलमध्ये राहते, आणि ‘राइट इरेझ’ त्या फाइलला हात लावत नाही. व्हीलॅनची यादी एका स्विचवरून दुसऱ्यावर आपोआप पोहोचवणाऱ्या व्हीटीपी या यंत्रणेचे डोमेन (स्विचांच्या गटाचे) नाव आणि यादीतल्या प्रत्येक बदलागणिक वाढणारा क्रमांकही तिच्यातच असतो. व्हीटीपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांचा नियम असा, की एकाच डोमेनमधल्या स्विचांपैकी ज्याचा क्रमांक मोठा, त्याची व्हीलॅन यादी बाकीचे मुकाट्याने स्वीकारतात, मग तो नव्याने जोडलेला स्विच क्लायंट म्हणून, म्हणजे फक्त यादी घेणारा म्हणून, ठेवलेला असला तरीही. मोठ्या कार्यालयात वर्षानुवर्षे चाललेल्या स्विचचा क्रमांक मोठा असणारच. डोमेनचे नाव योगायोगाने जुळले, किंवा संस्थेच्या स्विचांना नावच दिलेले नसेल तर तेही शेजाऱ्याकडून आपोआप उचलले जाते, आणि मग चालू नेटवर्कमधले सगळे व्हीलॅन काही क्षणांत नाहीसे होऊ शकतात. पोर्ट जागच्या जागी असतात, केबली लावलेल्या असतात आणि तरी कोणालाच कोणी दिसत नाही. म्हणून व्हीलॅन डॉट डॅट ही फाइल स्वतंत्र आदेशाने पुसावी, स्विच एकटाच पुन्हा सुरू करावा, ‘व्हीटीपी मोड ट्रान्सपरंट’ (यादीच्या देवघेवीत भाग न घेणारा) असे नोंदवावे आणि ‘शो व्हीटीपी स्टेटस’ मध्ये क्रमांक शून्य दिसल्यावरच त्याला पहिली केबल लावावी.

पासवर्डची अडचण मोठी नाही. मागच्या मालकाने पासवर्ड ठेवलेला असला तरी पुढच्या बाजूचे मोड बटण दाबून धरून वीज दिली की स्विच मूळ लोडरमध्ये (सॉफ्टवेअर चढवणाऱ्या सुरुवातीच्या टप्प्यावर) थांबतो; तिथे फ्लॅश उघडून कॉन्फिगरेशनच्या फाइलचे नाव बदलले की तो विनापासवर्ड सुरू होतो. यासाठी कन्सोल केबल हाताशी हवी. स्विचवर आरजे-४५ आकाराचा आणि मिनी यूएसबीचा असे दोन कन्सोल पोर्ट आहेत आणि वेग ९६०० ठेवावा लागतो.

आमच्या गरजा अगदी साध्या होत्या. कार्यालयाचे संगणक, अभ्यासिकेतल्या विद्यार्थ्यांचे वाय-फाय, संगणक वर्ग आणि सीसीटीव्ही कॅमेरे हे चार गट एकमेकांपासून वेगळे राहावेत, आणि त्यांच्यातली वाहतूक फक्त फायरवॉलमार्फत (वाहतूक तपासून सोडणाऱ्या उपकरणामार्फत) व्हावी, इतकेच हवे होते. चार व्हीलॅन, फायरवॉलकडे जाणारा एक ट्रंक पोर्ट (अनेक व्हीलॅनची वाहतूक एकत्र नेणारा) आणि बाकीचे ॲक्सेस पोर्ट (एकाच व्हीलॅनचे) अशी रचना केली. या मालिकेतील पोर्ट मूळ स्थितीत समोरच्या उपकरणाशी बोलून स्वतःच ट्रंक व्हायला तयार असतात. ही सवय मोडावी आणि प्रत्येक पोर्टवर ‘स्विचपोर्ट मोड ॲक्सेस’ किंवा ‘ट्रंक’ असे ठामपणे लिहावे. दुसऱ्या कंपनीचे उपकरण समोर असेल तर ही बोली त्याला समजतही नाही, आणि ट्रंक का उभा राहत नाही हे शोधण्यात उगाच वेळ जातो.

ट्रंकच्या बाबतीत एक आदेश विशेष जपून वापरावा लागतो. नवा व्हीलॅन ट्रंकवर सोडताना ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन’ यानंतर ‘ॲड’ हा शब्द लिहिला नाही, तर नवा क्रमांक जुन्या यादीत जोडला न जाता सगळी जुनी यादी पुसून तिच्या जागी एकटा बसतो. दूरवरून, त्याच ट्रंकमधून काम करणाऱ्या माणसाचा स्विचशी संपर्क तिथेच तुटतो. अशा कामाआधी ‘रिलोड इन १०’ असा आदेश देऊन ठेवावा. दहा मिनिटांत तो रद्द केला नाही तर स्विच स्वतःहून पुन्हा सुरू होतो आणि शेवटचे जतन केलेले कॉन्फिगरेशन उचलतो. सगळे ठीक असेल तर ‘रिलोड कॅन्सल’ करून मगच ‘राइट मेमरी’ करून बदल जतन करावे. दुरून काम करणाऱ्याला परत येण्याची अशी वाट मागे ठेवता येणे, हा मला या स्विचचा फार मोठा गुण वाटतो.

बिघाड शोधण्याच्या कामी हा स्विच किती उपयोगी पडतो, हे सर्वांत चांगले दिसले ते जिन्यावरच्या एका कॅमेऱ्यामुळे. तो दिवसभर नीट चालायचा आणि अंधार पडू लागला की पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू व्हायचा. कॅमेरा बदलून पाहिला, तरी तेच. अशा वेळी साधा पीओई स्विच काहीच सांगत नाही. फार तर दिवा विझलेला दिसतो. इथे स्विचच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) प्रत्येक वेळी त्या पोर्टवरचे उपकरण वीज घेणे सोडून गेल्याची नोंद होती, आणि सगळ्या नोंदी संध्याकाळनंतरच्या होत्या. ‘शो पॉवर इनलाइन’ मध्ये एकूण ३७० वॉटपैकी बहुतांश वीज शिल्लक दिसत होती, म्हणजे स्विचकडे तुटवडा नव्हता. त्याच आदेशाचे तपशीलवार रूप एका पोर्टपुरते वापरले की पोर्टवर प्रत्यक्ष मोजलेली वीज आणि उपकरण जोडल्यापासूनची कमाल वीज असे दोन आकडे मिळतात. संध्याकाळी इन्फ्रारेड दिवे लागल्यावर मागणी वाढत होती, पण ती मर्यादेच्या बरीच आत होती. स्विच पुरेशी वीज सोडतो आहे आणि कॅमेऱ्याला ती पोहोचत नाही, एवढे नक्की झाल्यावर संशयाला मधली केबल तेवढी उरली.

केबल जुन्या कंत्राटदाराने टाकलेली होती. तिच्या तारेचे टोक खरवडले तेव्हा तांबूस थराखाली रुपेरी धातू दिसला. ही सीसीए केबल, म्हणजे वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, त्यामुळे लांब अंतरावर प्रवाह वाढला की व्होल्टेज घसरते आणि कॅमेरा बंद पडतो. बंद पडल्यावर प्रवाह कमी होतो, व्होल्टेज सावरते आणि तो पुन्हा सुरू होतो. विदा वाहून नेताना हा दोष सहज लपतो, विजेच्या वेळी लपत नाही. कॅट-५ई किंवा कॅट-६ च्या मानकांत अशा तारेला स्थान नाही, तरी बाजारात ती त्याच नावाने सर्रास विकली जाते. वजनाला हलकी आणि भावाला स्वस्त केबल कोणी देऊ केली तर टोक खरवडून पाहावे. संपूर्ण तांब्याची केबल टाकल्यावर त्या कॅमेऱ्याचा प्रश्न मिटला.

या स्विचमधली केबल चाचणी, म्हणजे टीडीआर, इथे उपयोगी पडली नाही, हेही सांगायला हवे. तिने केबल निर्दोष असल्याचे सांगितले आणि तिच्या परीने ते बरोबरच होते. ती केबलमध्ये एक लहर सोडून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून तार कुठे तुटली किंवा कुठे चिकटली हे ओळखते; तारेचा एकूण विद्युतरोध ती मोजत नाही. संगणक वर्गात मात्र तिने चोख काम केले. तिथला एक संगणक गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर चालत होता. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात आणि १०० मेगाबिटला दोनच पुरतात, म्हणून एखादी जोडी तुटली की जोडणी अनेकदा मुकाट्याने खालच्या वेगावर येते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. ‘शो इंटरफेसेस स्टेटस’ मधल्या वेगाच्या रकान्यात ते लगेच दिसले; टीडीआरने कोणती जोडी तुटली आहे आणि स्विचपासून अंदाजे किती मीटरवर, हे सांगितले; आणि त्या अंतरावर फॉल्स सीलिंग उघडले तेव्हा उंदराने कुरतडलेली केबल हाती लागली. अख्खे छत उचकटण्याची वेळ आली नाही. चाचणी चालू असताना त्या पोर्टवरची जोडणी क्षणभर तुटू शकते, तेवढे लक्षात ठेवून ती करावी.

पावसाळ्यातला खरा उपद्रव व्हरांड्याकडच्या भिंतीवरील सॉकेटांचा होता. दमट, खारट हवेत आतल्या पत्र्यांवर थर बसतो, जोडणी पूर्ण तुटत नाही आणि पूर्ण नीटही राहत नाही. अशा वेळी त्रुटींचे मोजणीयंत्र शून्यावर आणून काही काळाने ‘शो इंटरफेसेस काउंटर्स एरर्स’ पाहावे. जुन्या एकूण आकड्यावरून काहीच ठरत नाही, कारण तो कोण जाणे कधीपासून साचलेला असतो. आकडा आता वाढतो आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा. एका बाजूला सीआरसी त्रुटी (वाटेत बिघडलेले संदेश) आणि दुसऱ्या बाजूला लेट कोलिजन (संदेशांची उशिरा झालेली टक्कर) वाढत असतील तर केबलवर संशय घेण्याआधी दोन्ही टोकांची डुप्लेक्स स्थिती पाहावी, म्हणजे पाठवणे आणि घेणे एकाच वेळी होते (फुल) की आळीपाळीने (हाफ). एका बाजूने वेग आणि डुप्लेक्स हाताने बांधलेला आणि दुसरी बाजू स्वयंचलित असेल तर स्वयंचलित बाजू हाफ डुप्लेक्सवर घसरते. आमच्याकडे मात्र सीआरसी त्रुटी फक्त पावसाच्या दिवसांत वाढत होत्या आणि डुप्लेक्स दोन्हीकडे फुल होते, त्यामुळे सॉकेट बदलण्याचा खर्च न्यासाच्या विश्वस्तांना आकडे दाखवून मंजूर करून घेता आला. पुरावा हातात असणे संस्थेच्या कारभारात किती मोलाचे आहे, हे ज्यांनी अशा बैठका पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक असेल.

अभ्यासिकेत विद्यार्थी स्वतःच्या सोयीसाठी काहीबाही जोडतात. घरचा वाय-फाय राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट भिंतीत लावला की तो सगळ्यांना चुकीचे पत्ते वाटू लागतो, आणि छोट्या स्विचच्या केबलची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये गेली की सगळे नेटवर्क एकाच संदेशाच्या फेऱ्यांत गुदमरते. पहिल्यावर डीएचसीपी स्नूपिंग (पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी यंत्रणेवरची पाळत) हा उपाय आहे: फायरवॉलकडचा पोर्ट विश्वासाचा ठरवला की बाकी कोणत्याही पोर्टवरून आलेला पत्ता-वाटपाचा संदेश स्विच टाकून देतो. ते चालू करताना स्विच प्रत्येक विनंतीत ऑप्शन ८२ नावाची जादा माहिती घालू लागतो आणि काही डीएचसीपी सर्व्हर अशी विनंती नाकारतात. पत्ते मिळणे एकदम थांबले तर आधी ऑप्शन ८२ बंद करून पाहावे. दुसऱ्या संकटावर स्पॅनिंग ट्री आहे. रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली मांडलेला हा उपाय आजही नेटवर्कमधले वर्तुळ तोडण्याचे काम तितक्याच निष्ठेने करतो. विद्यार्थ्यांकडच्या पोर्टांवर पोर्टफास्ट आणि बीपीडीयू गार्ड एकत्र लावावे. पोर्टफास्टमुळे संगणकाला सुरुवातीची सुमारे ३० सेकंदांची वाट पाहावी लागत नाही, आणि पलीकडून स्पॅनिंग ट्रीचा संदेश आला की गार्ड तो पोर्ट एर-डिसेबल्ड स्थितीत बंद करतो. कोणता पोर्ट, कोणत्या कारणाने आणि किती वाजता बंद झाला हे लॉगमध्ये एका ओळीत मिळते.

असा बंद पडलेला पोर्ट ठरावीक वेळाने, मूळ नेमणुकीप्रमाणे ३०० सेकंदांनी, आपोआप उघडण्याची सोय आहे. ती मी वापरलेली नाही आणि वापरू नये असे सुचवेन. पोर्ट बंद राहिला तर कोणीतरी येऊन सांगते आणि टेबलाखाली काय जोडले आहे ते पाहिले जाते. आपोआप उघडला तर तोच खेळ दिवसभर चालू राहतो.

लॉग इतका उपयोगी असल्यामुळे त्याची निगा घ्यायलाच हवी. वीज गेली की या स्विचचे घड्याळ पुन्हा कुठल्यातरी जुन्या तारखेपासून चालू लागते आणि स्मृतीतला लॉगही पुसला जातो. एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीने) वेळ जुळवून घ्यावी, ‘क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०’ असे नोंदवावे आणि लॉग एखाद्या छोट्या संगणकावरील सिसलॉगकडे (नोंदी साठवणाऱ्या सेवेकडे) पाठवावा. कॅमेऱ्याच्या नोंदी संध्याकाळच्या आहेत हे आम्हाला कळले ते घड्याळ बरोबर होते म्हणूनच.

उणिवा आहेत आणि त्या हलक्या नाहीत. कंपनीने या मालिकेची विक्री ऑक्टोबर २०२२ मध्ये थांबवली असून सेवेची अखेरची तारीख ३१ ऑक्टोबर २०२७ आहे. तिची जागा कॅटॅलिस्ट ९२०० मालिकेने घेतली आहे. नवे सॉफ्टवेअर उतरवून घेण्यासाठी साधारणपणे सेवा करार लागतो आणि तो वापरलेल्या मालासोबत येत नाही. मार्च २०१८ मध्ये जाहीर झालेली स्मार्ट इन्स्टॉल या (नवा स्विच आपोआप मांडून देणाऱ्या) सुविधेतली गंभीर त्रुटी या मालिकेच्या जुन्या सॉफ्टवेअरलाही लागू होती, आणि ही सुविधा मूळ स्थितीत चालूच असते. ४७८६ क्रमांकाचा टीसीपी पोर्ट (केबल लावायचा पोर्ट नव्हे, तर नेटवर्कवरून सेवेपर्यंत पोहोचण्याचे क्रमांकित दार) उघडा दिसला तर ही सुविधा बंद करणारा ‘नो व्हीस्टॅक’ हा आदेश सर्वांत आधी द्यावा. दुरून आदेश देण्यासाठीची टेलनेट ही उघडी पद्धत आणि वेब पान दोन्ही बंद करून एसएसएच ही सांकेतिक पद्धत ठेवावी. तिथेही जुन्या आवृत्तीची जुनी सांकेतिक पद्धत आड येते: ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित प्रोग्रॅमने २०२१ च्या ८.८ आवृत्तीपासून जुन्या स्वाक्षऱ्या मूळ स्थितीत बंद केल्या आहेत, त्यामुळे नव्या लॅपटॉपवरून जोडणी नाकारली जाते आणि या एका पत्त्यापुरती सवलत लिहून ठेवावी लागते. म्हणून स्विचच्या व्यवस्थापनाचा पत्ता वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवावा आणि तिथे फक्त एकाच संगणकाला प्रवेश द्यावा. ज्या संस्थेला सुरक्षेचे लेखापरीक्षण द्यावे लागते, उदाहरणार्थ सहकारी बँकेला, तिने हा स्विच घेऊ नये असे मी स्पष्ट म्हणेन. तिथे सेवा संपत आलेले उपकरण ठेवणे योग्य नाही.

पंख्याचा आवाज अभ्यासिकेत चालण्यासारखा नाही. आम्ही स्विच कार्यालयामागच्या खोलीत ठेवला. भिंतीवरचा रॅक असेल तर त्याची खोली आधी मोजावी, कारण पीओईची ही आवृत्ती साध्या स्विचपेक्षा बरीच खोल आहे आणि मागे वीज केबलला जागा लागते.

याच भावाच्या आसपास वेब पानावरून चालवायचे नवे छोटे मॅनेज्ड स्विचही मिळतात. त्यांना वॉरंटी असते, ते शांत असतात आणि चार व्हीलॅन करणे त्यांच्यावर अधिक सोपे जाते. ज्या संस्थेत आदेश टाकून काम करणारे कोणीच नाही, तिने तेच घ्यावेत. माझ्या पाहण्यातल्या अशा स्विचांत पोर्टनिहाय विजेचे तपशील, कारणासकट लॉग आणि टीडीआर हे तिन्ही एकत्र क्वचितच मिळाले, आणि आमच्या जुन्या इमारतीत अडचणींचे मूळ बहुतेक वेळा केबलीत निघते, म्हणून मला २९६०-एक्सचा सौदा पटला.

न्यासाने त्याच विक्रेत्याकडून याच मॉडेलचा दुसरा स्विच राखीव म्हणून घेतला आहे. वॉरंटी नसलेल्या यंत्रासाठी हा खर्च टाळू नये. दोन वापरलेले स्विच मिळूनही एका नव्यापेक्षा स्वस्त पडले. राखीव स्विचवर चालू स्विचचे कॉन्फिगरेशन आधीच चढवून ठेवले आहे. व्हीटीपी ट्रान्सपरंट ठेवल्याचा इथे आणखी एक लाभ होतो, कारण त्या स्थितीत व्हीलॅनची यादी मुख्य कॉन्फिगरेशनमध्येही लिहिली जाते आणि एकाच मजकुराच्या फाइलमध्ये सगळे येते. कोणता पोर्ट कोणत्या खोलीतल्या कोणत्या सॉकेटला जातो याचा तक्ता रॅकच्या दारावर आतून चिकटवला आहे, आणि केबली त्याच क्रमाने लावायच्या असल्यामुळे स्विच बदलण्याचे काम ग्रंथपाल बाई फोनवर विचारून स्वतः करू शकतात.